पट्टीकामाची टिपणं

बोरिवली पश्चिम, नवा टॉवर. वॉर्डरोब, किचनच्या ट्रॉल्या, बेड हे सगळं कारखान्यात कापून, कडांना टेप लावून, सुटं होऊन आलं आणि स्क्रूने जोडून उभं राहिलं. गिऱ्हाईक विचारतं, "आता काय राहिलं?" राहिलं पट्टीकाम. चौकटीभोवतीच्या पट्ट्या, उघड्या प्लायला सागवानी लिपिंग, भिंतीवरचं मोल्डिंग, वॉर्डरोब आणि छत यांच्यामधली पोकळी झाकणारी फळी. वॉर्डरोबच्या आतला प्लाय दोन मिलिमीटर तिरका गेला तर कुणाच्या बापाला कळत नाही. चौकटीच्या कोपऱ्यात दोन पट्ट्या जिथे भेटतात तिथली फट मात्र घरात शिरणारा प्रत्येक जण बघतो, आणि सासरची माणसं बोलूनही दाखवतात.

*

विल्हेल्म आल्टेनडॉर्फने 1906 साली बर्लिनमध्ये सरकत्या टेबलाची करवत काढली. आज भिवंडी-वसईच्या गाळ्यांत तिचेच वंशज आठ-बाय-चारचे शीट बिनबोभाट कापतात. मोठी कापाकापी साइटवरून अशी उठून गेली. साइटवर उरली ती बारीक कापाकापी, आणि तिच्यासाठी आपल्या मिस्त्रीच्या हातात काय आहे? चार इंची मार्बल कटर. दगडासाठी बनवलेलं यंत्र.

*

या कटरबद्दल आदराने लिहायला हवं. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही फ्लॅटचं फर्निचर बघा, निम्म्याहून जास्त कापणी याच्यावर झालेली असते. 110 मिलिमीटरचं ब्लेड, मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे. हिऱ्याची चकती काढली, कार्बाइडच्या दातांची लावली की झाली लाकडाची करवत. बोलीत मॉडेलचं नावच यंत्राचं नाव होऊन बसलंय: "सीएम-फोर लाव." ते बनवणाऱ्या हिताचीच्या यंत्रांवर 2018 पासून हायकोकी हे नाव आहे, पण ते अजून जिभेवर बसलेलं नाही.

गंमत म्हणून हिशोब केला. बारा हजार फेऱ्यांनी फिरणाऱ्या चार इंची ब्लेडच्या दाताचा वेग ताशी सुमारे 250 किलोमीटर. दहा इंची मायटर सॉ, म्हणजे ठरलेल्या कोनात तोडणारी बैठी करवत, मिनिटाला पाच हजारांच्या आत फिरतो, पण ब्लेड मोठं असल्याने दाताचा वेग जवळपास तेवढाच भरतो. म्हणजे कापण्याचा जोर दोन्हीकडे आहे. फरक आहे तो कोण कुणाला धरून बसलंय याचा. मायटर सॉमध्ये यंत्र स्थिर, कोन ठरलेला. कटरमध्ये सगळं मनगटावर.

*

कटरला पर्याय म्हणून मिळणारी टू-इन-वन करवत म्हणजे काय, हे दुकानदाराला विचारलं तर तो आधी किंमत सांगतो आणि मग गप्प बसतो. म्हणून इथे लिहून ठेवतो.

पट्टीकामाला दोन तऱ्हेचे काप लागतात. एक आडवा: पट्टी लांबीला तोडायची, सरळ किंवा कोनात. दुसरा उभा: रुंद फळीतून लांबच्या लांब पट्टी फाडून काढायची. पहिल्यासाठी मायटर सॉ, त्यात ब्लेड वरून खाली येतं. दुसऱ्यासाठी टेबल सॉ, त्यात ब्लेड खालून डोकावतं आणि लाकूड पुढे ढकलायचं. दोन्ही एकाच यंत्रात बसवायचे दोन रस्ते निघाले. एकात अख्खं टेबल उलटं होतं. मायटर सॉचं डोकं पोटात जातं आणि ब्लेड वर येतं. युरोपात एलू कंपनीने ही तऱ्हा रुळवली. ब्लॅक अँड डेकरने 1984 साली एलू विकत घेतली आणि पुढे तीच यंत्रं डिवॉल्टच्या पिवळ्या रंगात आली. दुसऱ्या रस्त्यात काही उलटंपालटं करायचं नाही. मायटर सॉच्या डोक्यावरच छोटं टेबल बसवलेलं असतं, त्याच्या फटीतून ब्लेड जरासं वर आलेलं असतं. माकिटाचं एलएच-1040 या जातीचं. वरच्या टेबलावर जाड फळी फाडता येत नाही, पण लिपिंगच्या पट्टीला तेवढं पुरे.

सोफा-कम-बेडसारखंच हे. ना धड सोफा, ना धड बेड. पण मुंबईत सोफा-कम-बेड का खपतो हे मुंबईकराला समजावून सांगावं लागत नाही.

*

वजनं. उलटणारं डिवॉल्ट सदतीस किलोच्या आसपास. टेबल डोक्यावर घेतलेलं माकिटा चौदाच्या आसपास. कटर तीन किलो.

नालासोपाऱ्याहून सकाळी साडेआठच्या गाडीने अंधेरीला येणाऱ्या माणसासमोर हे तीन आकडे ठेवा आणि काय घ्यायचं ते त्यालाच ठरवू द्या. मालडब्यात चौदा किलो चढतात, शिव्या खात चढतात. सदतीस किलोला टेम्पो लागतो.

*

सॉकेटचा मुद्दा कुणी लिहीत नाही, खरं तर तो पहिला लिहायला हवा.

घरातल्या साध्या स्विचबोर्डवरचा प्लग सहा अँपिअरचा. 230 व्होल्टला 1200 ते 1400 वॉटचा कटर पाच-सहा अँपिअर ओढतो. काठावर पास. 1650 वॉटचं टू-इन-वन सात अँपिअरच्या वर जातं, 2000 वॉटचं साडेआठच्याही वर. सुरू होतानाचा झटका वेगळाच. म्हणजे त्याला गीझर-एसीचा सोळा अँपिअरचा प्लग हवा, आणि चालू साइटवर नेमकं तेच वायरिंग अपुरं असतं. इलेक्ट्रिशियनने मीटरजवळ एक हंगामी बोर्ड लटकवून दिलेला असतो. त्यात प्लगटॉप नाहीच. वायरची उघडी टोकं भोकांत खुपसून वर आगकाडी ठोकलेली. त्याच बोर्डावर पॉलिशवाल्याचा कंप्रेसर, फरशीवाल्याचं ग्राइंडर आणि सगळ्यांचे मोबाइल.

कटर जिंकला तो स्वस्त म्हणून, हे अर्धंच खरं. तो आगकाडीवर चालतो म्हणूनही जिंकला.

*

घाटकोपर पूर्व, जुनी इमारत, वन-बीएचके. इथे टेबल सॉचा एक वेगळाच धडा मिळतो. आठ फुटी पट्टी फाडायची तर ब्लेडच्या अलीकडे आठ फूट मोकळे हवेत आणि पलीकडे आठ फूट. सोळा फूट सलग जागा. बेडरूम दहा-बाय-बारा. मग यंत्र ठेवायचं कुठे? दरवाज्यात. मिस्त्रीने यंत्र बेडरूमच्या उंबऱ्यावर आडवं बसवलं. पट्टी बेडरूममधून निघाली, ब्लेडवरून गेली, हॉल ओलांडला आणि पुढचं टोक स्वयंपाकघराच्या दारात हेल्परच्या हातात. आजी देवघरात चालल्या होत्या. त्या पट्टी जाईपर्यंत थांबल्या, मग गेल्या. तोडायच्या वेळी यंत्र काटकोनात फिरवलं, कारण आता लांबी डावी-उजवीकडे हवी.

फ्लॅट बघायला गेलो की आताशा माझी नजर दारांच्या रांगेवर जाते. दोन दारं समोरासमोर असली की काम सोपं. वास्तुवाले याच रांगेला काय म्हणतात ते म्हणोत.

*

आणि उंची. पाश्चात्त्य चित्रांत करवतीला स्टँड असतो, कारागीर उभा असतो. आपला कारागीर जमिनीवर. एक गुडघा मोडून, दुसऱ्या पायाच्या अंगठ्याने फळी दाबून काम करण्याची रीत पिढ्यानपिढ्यांची आहे. रंधा आणि पटाशीचं काम असंच झालं. त्यामुळे साइटवर मायटर सॉ आला तरी तो सरळ फरशीवर ठेवला जातो. त्यात वावगं काही नाही, पट्टी लांब असली की दोन्ही बाजूंना प्लायचे तुकडे टेकवले की झालं, उलट फरशी हाच फुकटचा आधार. पण डोक्यावर टेबल असलेलं यंत्र फरशीवर ठेवलं की वरचं टेबल येतं गुडघ्याच्या जरा वर. ना बसून रेटता येत, ना उभं राहून. वाकून लाकूड ढकलायचं, तोल पुढे, हात ब्लेडकडे. ही उंची घातक आहे. एक तर स्टँड घ्यावा, नाहीतर प्लायच्या तुकड्यांचा मजबूत पाट करून यंत्र कमरेपर्यंत उचलावं. मी मिस्त्रीमागे लागून हे करून घेतो. तो करतो, आणि मी लिफ्टमध्ये शिरलो की बहुधा परत खाली ठेवतो.

*

कोपरा 90 अंशांचा असतो ही बिल्डरने पसरवलेली अफवा आहे.

चौकट 91 अंशांत उभी राहिली आणि दोन्ही पट्ट्या इमानदारीत 45 ला कापल्या, तर तीन इंची पट्टीच्या जोडावर टोकाला जवळजवळ दोन मिलिमीटरची पाचर उघडी पडते. तीच चूक स्कर्टिंगमध्ये लपते, कारण स्कर्टिंग उभी असते आणि तिथे जोडाला जाडीच तेवढी अर्धा इंच. फट भरते पाव-अर्धा मिलिमीटर. म्हणून यंत्राची अचूकता कुठे खर्च करायची ते आधी ठरवावं. चौकटीवर करावी. सोफ्यामागच्या स्कर्टिंगवर नको.

चांगला मिस्त्री अंश मोजतच नाही. एक पट्टी जागेवर धरून पेन्सिलीने रेघ मारतो, दुसरी धरून दुसरी रेघ. रेघा जिथे छेदतात तिथून आतल्या कोपऱ्यापर्यंत कापायचं. कोन काय आहे ते भिंतीला माहीत. मग मायटर सॉचं डोकं त्या रेघेवर आणतो, 45 च्या खटक्यावरून जरासं घसरवून पक्कं करतो. स्वस्त यंत्रात इथेच गोची होते: खटका इतका जोरकस असतो की डोकं परत 45 वरच जाऊन बसतं. यंत्र घेताना वॉट आणि वॉरंटी नंतर बघा. आधी डोकं 45 अंशांवर न्या, तिथून अर्धा अंश हलवा, आवळा, आणि हाताने ढकलून बघा. हललं तर दुसरं दाखवा म्हणा.

*

"साब, दो सूत मारना पड़ेगा."

आठ सूत म्हणजे एक इंच, एक सूत तीन मिलिमीटरला वर. गोरखपूरचा असो, नागौरचा असो की आमच्या कोकणातला, सगळे सुतात बोलतात. मोजपट्टी मिलिमीटरची, ड्रॉइंग मिलिमीटरचं, आर्किटेक्ट मिलिमीटरचा, आणि लाकूड कापलं जातं सुतात. ब्लेडची स्वतःची जाडी पाऊण सुताच्या आसपास. रेघेच्या कुठल्या बाजूने ब्लेड चालवायचं, हे विसरलं की तेवढं लाकूड गेलंच.

*

चार इंची सागवानी फळीतून सहा मिलिमीटरच्या लिपिंगच्या पट्ट्या काढायच्या. अडीच मिलिमीटर ब्लेड खाणार. बारा पट्ट्या निघतात आणि अकरा काप लागतात. अकरा कापांचा भुसा साडेसत्तावीस मिलिमीटर. म्हणजे चार इंचांतला एक इंच सागवान भुसा झाला. आलापल्ली-बल्लारशाच्या सागवानाचा आजचा भाव माहीत असलेल्याने हा हिशोब रात्री करू नये.

कटरचं ब्लेड पातळ असतं, त्यामुळे कागदावर भुसा कमी. पण हातातला कटर लहरतो, पट्टी कुठे पाच भरते कुठे सात, आणि मग रंधा मारून सारखी करताना वाचलेलं सगळं वसूल होतं.

*

जुलैत बसवलेली पट्टी जानेवारीत बोलते.

लाकूड रुंदीला आक्रसतं, लांबीला जवळजवळ नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेत फुगलेली पट्टी अचूक 45 ला कापून घट्ट बसवली. थंडीत हवा कोरडी झाली की रुंदी घटते, लांबी तेवढीच राहते, आणि जोड आतल्या कोपऱ्याकडून उघडतो. उलट कोरड्या दिवसांत बसवलेला जोड पावसात बाहेरच्या टोकाकडून उघडतो. म्हणजे फट कुठल्या बाजूला आहे त्यावरून काम कुठल्या ऋतूत झालं ते सांगता येतं. मुलुंडच्या एका गिऱ्हाइकाला हे सांगून पाहिलं. ते म्हणाले, "ते ठीक आहे, भरून कधी देताय?"

उपाय महाग यंत्र नाही. लाकूड आणलं की काही दिवस त्याच घरात उघडं पडू द्यावं, पट्टीच्या मागच्या बाजूलाही पॉलिशचा हात मारावा. दोन्ही गोष्टी फुकटात होतात आणि दोन्ही कुणी करत नाही.

*

भरून देणे. भुसा आणि फेविकॉल बोटावर कालवायचं, फटीत दाबायचं, सुकलं की पॉलिश पेपर. यावर अर्धी मुंबई उभी आहे.

फेविकॉल 1959 चं. ते बनवणाऱ्या पिडिलाइटचं मुख्यालय आजही अंधेरी पूर्वेला. संस्थापक बळवंत पारेख सुरुवातीच्या दिवसांत एका लाकूड व्यापाऱ्याकडे शिपाई होते आणि तिथल्या वखारीतच राहात, ही गोष्ट बरीच छापून आलेली आहे. त्याआधी सुतार सरस वापरायचे: जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढलेला, तापवून पातळ करायचा, वास घरभर. पांढऱ्या डिंकाने तो वास घालवला.

पण 45 च्या जोडावर पांढरा डिंकही अर्धवटच चालतो. तिरका काप मारला की लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी पडतात आणि डिंक पिऊन टाकतात. म्हणून जाणकार आधी एक पातळ हात देतो, तो पिऊ देतो, मग दुसरा हात देऊन जोडतो. घाईतला माणूस फेविक्विक टाकून वरून भुसा भुरभुरतो, क्षणात दगड. दिसायला दोन्ही सारखं. मला विचाराल तर चौकटीला पहिलं, फोटोफ्रेमला दुसरं.

*

नागदेवीला यंत्रांच्या दुकानांत उभं राहिलं की मला मुलुंड आठवतं. रॅलीवुल्फचा कारखाना मुलुंडला होता. ब्रिटनच्या वुल्फ कंपनीच्या नात्यातून आलेली, धातूच्या अंगाची, जड ड्रिल मशीनं. जुन्या इलेक्ट्रिशियनांच्या पेटीत एखादं अजून सापडतं आणि चालूही असतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातून कुलकर्णी पॉवर टूल्सची, म्हणजे केपीटीची यंत्रं येतात. विजेची हातयंत्रं म्हणजे जपान आणि जर्मनी असं समजणाऱ्या पोरांना शिरोळ सांगितलं की खरं वाटत नाही.

*

आता नावडता विषय. बोटं.

उभा काप हवा आणि टेबल सॉ नाही, तर मिस्त्री काय करतो? प्लायचा खोका करतो, वरच्या फळीला खाच पाडतो, कटर खालून उलटा स्क्रूने जखडतो, बटण दाबून लॉक करतो. झाला टेबल सॉ. अंधेरीच्या कुठल्याही चालू साइटवर हा खोका असतो. कल्पकतेला सलाम. पण त्यात ब्लेडवर झाकण नाही, ब्लेडमागे उभी पाती नाही. ती पाती शोभेची नसते. लाकूड फाडलं की त्यातला ताण सुटतो, काप मिटू पाहतो, मिटता मिटता ब्लेडचं मागचं अंग पकडतो, आणि ब्लेड लाकूड उचलून कारागिराच्या पोटावर फेकतं. लाकूड उडालं की त्याला ढकलणारा हात त्याच वेगात पुढे ब्लेडवर जातो. अपघात असा होतो. "लक्ष नव्हतं" हे आपण नंतर चिकटवलेलं कारण.

टू-इन-वनची खरी बाजू मी इथे मांडतो. मी त्याच्या बाजूचा आहे तो ते वेगवान आहे म्हणून नव्हे. त्यात ती पाती, झाकण आणि हाताशी बंद होणारं बटण आहे म्हणून आहे. अमेरिकेत स्टीव्ह गॅस या वकिली करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाने 1999 साली त्वचेचा स्पर्श झाला की काही मिलिसेकंदांत थांबणारं ब्लेड करून दाखवलं, सॉसेज लावून आणि शेवटी स्वतःचं बोट लावून. ते सॉस्टॉप टेबल सॉ म्हणून विकलं जातं. आपल्या खोक्यात ते नाही. ते येईल तोवर ढकलायला बोटाऐवजी प्लायची खाच पाडलेली काठी. शून्य रुपये.

तरीही तुटलंच, तर: तुटलेला भाग स्वच्छ ओल्या गॉजमध्ये गुंडाळायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायचा, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. बोट थेट बर्फावर ठेवायचं नाही. गारठून पेशी मरतात. जखमेवर हळद-फेविक्विक काही नाही, दाबून धरायचं आणि हात वर. सायन, केईएम या पालिकेच्या रुग्णालयांत प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग आहे. गल्लीतल्या दवाखान्यात टाके घालून घेण्यात तास घालवू नये. हे मी प्रत्येक साइटच्या दारामागे मार्करने लिहून ठेवतो. पेंटर ते पुसून टाकतो.

*

भुसा दिसतो म्हणून लोक त्याला घाबरत नाहीत. लाकडाची धूळ माणसात कर्करोग करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1995 सालीच नोंदवलं, नाकाच्या पोकळीतला. एमडीएफ कापताना फॉर्माल्डिहाइड वेगळं. भिंतीवरच्या मोल्डिंगची सध्याची हौस सगळी एमडीएफची, तेव्हा मायटर सॉच्या मागच्या नळीला लटकवलेल्या कापडी पिशवीवर विसंबू नये. ती निम्मंही पकडत नाही. त्या नळीला साधा व्हॅक्यूम क्लीनर जोडला की खोलीच बदलते. कटरला नळीच नाही.

*

सोसायटीची नोटीस: काम सकाळी दहा ते सहा, दुपारी दोन ते चार आवाज बंद, रविवारी पूर्ण बंद. केंद्राच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा 55 डेसिबल. करवत शंभरच्या घरात बोलते. भांडायला आपल्याकडे काही उरत नाही.

म्हणून कापायची सगळी मापं सकाळीच काढून ठेवायची, दहा ते दोन सलग कापायचं, आणि दोन ते चार डिंक, जोडणी, पेपर. इथे स्थिर यंत्राचा फायदा दिसतो. त्याला अडसर लावून एकाच मापाचे वीस तुकडे झपझप पडतात. कटरवाल्याला प्रत्येक तुकड्याला रेघ, गुण्या, काप. तो चारनंतरही कापतच असतो आणि खालच्या मजल्यावरचे काका वर येतात.

*

पैसे. कटर मिस्त्रीचा स्वतःचा असतो, मोठं यंत्र ठेकेदाराचं. ठेकेदार ते एका साइटवर अडकवून ठेवायला राजी नसतो, मिस्त्रीला ते घेणं झेपत नाही. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत सुतार आहे. अवजारांसाठी 15,000 रुपये, शिवाय पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख कर्ज. पंधरा हजारांत चांगला कटर, ट्रिमर, ड्रिल येऊन वर चहा होतो. टू-इन-वन येत नाही. कर्जात येतं. पण कर्ज काढून घेतलेलं यंत्र रात्री कुलूप नसलेल्या फ्लॅटमध्ये कोण ठेवील? भाड्याच्या खोलीत सहा जण झोपतात, तिथे कुठे ठेवील?

माझं मत असं की हे यंत्र एका मिस्त्रीने घेऊच नये. तिघा-चौघांनी मिळून घ्यावं, पट्टीकामाच्या दिवसांपुरतं फिरवावं. एका फ्लॅटमध्ये त्याची गरज असते शेवटच्या आठवड्याची. जॉबवर्कला गाळ्यातली सरकत्या टेबलाची करवत, म्हणजे पॅनेल सॉ, भाड्याने वापरतातच ना?

*

ब्लेड. टू-इन-वन घेणारे यंत्रावर हजारो घालतात आणि त्यासोबत आलेलं ब्लेड झिजेपर्यंत वापरतात. उभ्या कापाला कमी दात, चोवीसच्या आसपास, म्हणजे भुसा बाहेर फेकायला जागा मिळते. आडव्या बारीक कापाला ऐंशी. दोन्ही एकाच यंत्रात करायचं तर चाळीस-पन्नासचं मधलं. पण चौकटीच्या दिवशी ऐंशीचं लावावंच. पाच मिनिटांचं काम आहे आणि ती पाच मिनिटं वायर सॉकेटमधून काढलेली असावी. ब्लेडवर छापलेले कमाल फेरे वाचावेत. मोठ्या यंत्राचं ब्लेड कटरच्या वेगासाठी नसतं, आणि कार्बाइडचा सुटलेला दात कुठे जाईल ते सांगता येत नाही.

सोनेरी टी-पट्टी स्टीलची असते. ती लाकडाच्या ब्लेडवर घालायची नाही. सांगूनही घालतात.

*

सप्टेंबर. बोरिवलीची साइट गणपतीआधी द्यायची होती, ती नवरात्रावर गेली. गिऱ्हाइकाने आज विचारलं, यंत्र बंद का?

17 सप्टेंबर. पूर्वांचल-बिहारकडच्या मिस्त्रींची विश्वकर्मा पूजा. कटर, मायटर सॉ, नेल गन सगळं पुसून ओळीत मांडलेलं, कुंकू, फुलं, बुंदीचे लाडू. त्या दिवशी वायर लागत नाही. पॉलिशवाला आमच्या रत्नागिरीचा, त्याची हत्यारं पुजली जाणार खंडेनवमीला. किचनचं काम करणारे राजस्थानी सुथार. त्यांची विश्वकर्मा जयंती माघ शुद्ध त्रयोदशीला. एकाच यंत्राला तीन सुट्ट्या. पुढच्या कराराच्या वेळापत्रकात हे तिन्ही दिवस आधीच लाल करून द्यायचे, आणि गिऱ्हाइकाला लाडू.